बिर्सी ते हैदराबाद, एक तास चाळीस मिनिटं

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर चौतीस वर्षं जो माणूस चौकशीच्या खिडकीत बसला त्याचं नाव यादोराव कापगते. पण हे नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. गावासाठी तो कंट्रोलर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी अजून लोक रस्त्यात अडवून विचारतात, "कंट्रोलर, वडसा कवा?" आणि हा गडी घड्याळाकडे न बघता सांगतो. कोणती गाडी कुठल्या फाट्यावर किती वाजता असेल, कुठल्या चढावर तिचा दम जाईल, आठवडी बाजाराच्या दिवशी किती मिनिटं खाईल, सगळं तोंडपाठ. बायकोच्या वाढदिवसाची तारीख विचारा, डोकं खाजवेल.

त्याचं सगळं मोजमाप टप्प्यांत. एसटीचा एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. कोणाच्या मुलीला नागपूरचं स्थळ आलं की लोक पोराचा पगार विचारत, आणि यादोराव म्हणे, "बावीस-तेवीस टप्पे. माहेर लांब नाई." लोक हसत. हसू देत. तो खरं तेच बोलत होता.

त्याची एक खोड मात्र फक्त ड्रायव्हर-कंडक्टरांना माहीत होती. साकोलीची गाडी सव्वानऊला असेल तर खिडकीतून तो नऊ सांगे. तिरोड्याची साडेदहाला, तर सव्वादहा. "खेड्यावरचा मानूस आहे बाप्पा," तो म्हणे, "नऊ सांगतलं तर सव्वानवाले येते. सव्वानऊ सांगतलं तर गाडीची धूळ पाहाले येते." चौतीस वर्षांत त्याच्या खिडकीवर विचारून गेलेल्या एकाही माणसाची गाडी चुकली नाही, हा त्याचा अभिमान. तेवढ्यावरही कोणी धावत आलाच, तर हा बाहेर येऊन गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारी. गाडी थांबे. गाडी म्हटली की ती थांबतेच. उभी आहे तोवर तर ती आपलीच.

आणि हळूहळू त्याच्या मनानं असंही धरलं की जगातल्या प्रत्येक खिडकीमागे आपल्यासारखाच एक माणूस बसलेला असतो, जो वेळ थोडी आधीची सांगतो. लोकांच्या भल्यासाठी. आता यात चूक काय म्हणाल? चांगला माणूस दुसऱ्याला आपल्यासारखाच समजतो, एवढीच.

त्याला एकच लेक, खुशबू. नऊ वर्षांची असताना सांध्यांच्या तापानं पंधरवडाभर निजली होती. ताप गेला, पण जाताना काळजाच्या झडपेला चावून गेला. पोरगी हुशार, पण भित्री. इंजेक्शनला भ्यायची, अंधाराला भ्यायची, एकटीनं बसमध्ये चढायला भ्यायची. साकोलीच्या कॉलेजात गेली तर दोन वर्षं बाप रोज तिला स्वतः खिडकीजवळच्या सीटवर बसवून द्यायचा. लग्न होऊन हैदराबादला गेली. जावई हेमराज औषधांच्या कारखान्यात होता. माणूस चांगला, थोडक्यात बोलणारा. सगळं बरं चाललं होतं.

मागल्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी साडेसातला हेमराजचा फोन आला. खुशबूला श्वास घेता येईना म्हणून दवाखान्यात नेलं होतं. झडप पार निकामी झाली होती. उद्या दुपारी चारला ऑपरेशन, पुढं ढकलायची सोय नाही. मग फोन खुशबूनं घेतला. धाप लागत होती, एकेक शब्द सुटा येत होता.

"बाबा, आत नेतील त्याच्या आधी या. मी... मी तुम्हाले पाहून जाईन आत. मले लई भेव लागून राहिलं बाबा."

"येतो न बाई. चारच्या आधी तुह्या उशाशी असतो. कंट्रोलर बोलून राहिला तुहा, भेव नोको."

असं तो म्हणाला. शब्द दिला. हैदराबादकडे जाणारी रोजची गाडी गोंदियाहून सहालाच सुटून गेली होती. दुसरी कोणतीही गाडी धरली तरी चारच्या आत पोचत नव्हती. यादोरावच्या डोक्यातलं सगळं वेळापत्रक दोन मिनिटांत संपलं. तेव्हा शेजारच्या शामकलाबाईची प्राची मोबाईल घेऊन आली. ती चौकात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. म्हणाली, "आबाजी, बिर्सीहून विमान आहे ना! अकरा पस्तीसचं. सव्वाला हैदराबाद. एकच सीट दाखवून राहिलं."

बिर्सी. गोंदियाच्या पलीकडे, आपल्याच जिल्ह्यात. तिथं विमान उतरतं हे यादोरावला माहीत होतं, पण वाघ नागझिऱ्यात असतो हे माहीत असावं, तसं. आपला काय संबंध? त्यानं प्राचीला अंतर विचारलं. हवेतून पाचशे पंधरा किलोमीटर. त्यानं मनातल्या मनात भागलं. शहाऐंशी टप्पे! शहाऐंशी टप्पे एक तास चाळीस मिनिटांत! त्या परिस्थितीतही त्याच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं, हे रुख्मिणीनं पाहिलं आणि ती चिडली. "पोरगी मरून राहिली अन् तुमी टप्पे मोजून राहिले!"

पण मोजल्यामुळेच त्याला धीर आला होता. सव्वाला उतरायचं, सव्वा तासात दवाखाना, म्हणजे अडीच. चारला दीड तास बाकी. प्राचीनं तिकीट काढलं आणि दोनदा बजावलं, "आबाजी, काउंटर एक तास आधी बंद होते. दहा पस्तीसच्या आत पोचायचं म्हणजे पोचायचं." यादोराव नुसता हसला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. दहा पस्तीस म्हणजे काय, हे तो प्राचीच्या जन्माआधीपासून ओळखत होता. एसटीला पंधरा मिनिटं ठेवतात, तर विमानाला चाळीस तरी ठेवतच असतील. दहा पस्तीस म्हणजे सव्वाअकरा.

सकाळी सातला छोटेलालची जीप दारात आली. छोटेलाल गोंदियाकडचा, सवारी गाडी चालवणारा, निम्मं बोलणं हिंदीत. सीट एकच, म्हणून रुख्मिणी घरीच राहणार होती. तिनं नवऱ्याच्या पिशवीत चिवडा भरला, खुशबूची जुनी शाल भरली आणि मग दाराची चौकट धरून उभी राहिली.

"अवो, प्रतापगडावरून जा न. दर्ग्याचा धागा अन् महादेवाचा अंगारा, दोनी घेऊन जा. ते तापात होती तवा दोनीकडे बोललो होतो आपन. उठली होती पोरगी."

ही आमच्याकडची रीत. प्रतापगडावर महादेव आहे आणि दर्गाही आहे, आणि नवस बोलताना एकाला बोलून दुसऱ्याला वगळणं कोणाच्या मनाला येत नाही. एकाचं आणलं आणि दुसऱ्याचं राहिलं, तर अर्धाच नवस. प्रतापगड मात्र गोंदियाच्या रस्त्यावर नाही, आडवाटेला. यादोरावनं मोजलं. जाऊन-येऊन, थांबून, पन्नास मिनिटं. सातला निघालो, आठच्या आत परत रस्त्याला. दहा-सव्वादहाला बिर्सी. बसते. "बसते," तो मोठ्यानं म्हणाला, आणि रुख्मिणीचा चेहरा जरा निवळला.

दर्ग्यातला धागा दहा मिनिटांत मिळाला. मुजावरानं नाव विचारलं, डोळे मिटून पुटपुटला आणि धागा कागदात बांधून दिला. महादेवाकडे मात्र पुजारी नव्हता. कोणी म्हणालं अंघोळीला गेला, कोणी म्हणालं येतच असेल. देवळाच्या आतल्या दाराला कुलूप. सात पन्नास झाले. छोटेलालनं खालून हॉर्न वाजवला, मग स्वतःच वर आला.

"काकाजी, चलो ना. एक तो मिल गया."

"एकावर भागत नाई रे."

"लेट हो जाएगा."

यादोरावनं घड्याळ पाहिलं. आणि इथं, राजेहो, त्यानं ते केलं जे चौतीस वर्षं दुसऱ्यांसाठी करत आला होता. त्यानं ठेवणीतली मिनिटं काढली. दहा पस्तीस सांगतात म्हणजे सव्वाअकरापर्यंत दार उघडं. चाळीस मिनिटं शिल्लक आहेत आपल्याकडे. "बसते," तो म्हणाला, "अजून चाळीस मिनटं बसतात." आणि कुलपासमोर पायरीवर मांडी घालून बसला. पुजारी आला सव्वाआठनंतर. अंगारा पुडीत बांधून हातात पडला तेव्हा साडेआठ वाजत होते.

पुढं रस्त्यानं काही अडवलं नाही. नवेगाव गेलं, कोहमारा गेला, गोरेगाव गेलं. छोटेलालनं जीप अशी हाणली की यादोरावनंच दोनदा त्याला हळू म्हटलं. तो निवांत होता, हे सांगायलाच हवं. दोन्ही पुड्या वरच्या खिशात होत्या, छातीला लागत होत्या. गोंदिया ओलांडून बिर्सीच्या फाटकातून आत शिरले तेव्हा दहा बावन्न झाले होते. यादोरावच्या हिशेबानं तो तेवीस मिनिटं आधी आला होता.

दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि आत सोडलं. काउंटरवर एक मुलगी खुर्ची मागे सारून उठत होती. छातीवर नाव लिहिलेलं, प्रेरणा. आपल्या खुशबूहून चार-पाच वर्षांनी लहान असेल.

"अंकल, काउंटर क्लोज हो गया. दस पैंतीस पे."

"हो हो. मालूम आहे. आता खोला."

"नहीं खुलता अंकल. सिस्टम बंद हो जाता है."

यादोराव हसला. खिडकीमागच्या माणसाशी खिडकीमागच्या माणसानं हसावं, तसा. "बाई, मी बी तुह्यासारखाच आहो. चौतीस वर्सं कंट्रोलर होतो. तुमी एक तास आधीचा टाइम सांगता, बरोबर करता. लोकं येत नाईत टायमावर. पन मले खरा टाइम सांग. खरा किती?"

त्या मुलीला काही कळेना. "यही टाइम है अंकल. दस पैंतीस."

"तो तर सांगाचा टाइम झाला. खरा?"

"यही खरा है."

मग त्याचं हसू गेलं. त्यानं मुलीच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि त्याला दिसलं की ही खोटं बोलत नाही. हिला आधीची वेळ सांगायची कोणी शिकवलंच नाही. काचेपलीकडे विमान उभं होतं. पांढरं, दोन पंख्यांचं, लोकांना वाटतं तेवढं मोठं नव्हे. त्याला शिडी लागलेली होती. माणसं अजून अलीकडच्या खुर्च्यांत बसून मोबाईल बघत होती. एकही चढलं नव्हतं.

"ते पाहा, गाडी उभी आहे!" तो ओरडला. "उभी आहे न गाडी! उभ्या गाडीत कोनी चढू देत नाई का? माही पोरगी आहे वो तठी. चार वाजता छाती फाडतात तिची. मी येतो म्हनलं तिले!"

प्रेरणा आत गेली. कोणा वरच्या साहेबाशी बोलली, फोनवर बोलली, बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. तिच्या हातात काही नव्हतं. त्या मुलीला शिव्या देऊन काय मिळणार होतं? शिव्या देण्याजोगं कोणी असतं तर यादोरावचं बरं झालं असतं. जवानानं त्याला पाणी दिलं आणि बाहेर झाडाखाली बसवलं. तिथून तारेपलीकडे विमान दिसत होतं. साडेअकरापर्यंत ते उभंच होतं. शिडीवरून एकेक माणूस चढला. एक बाई लेकराला कडेवर घेऊन चढली. मग दार लागलं, पंखे फिरले. यादोरावचा उजवा हात दोनदा वर उठला, पत्र्यावर थाप मारायला उठावा तसा, आणि मांडीवर पडला. अकरा पस्तीसला, ना एक मिनिट मागे ना पुढे, ते निघालं.

छोटेलालनं धावपळ केली. प्राचीला फोन लावला. नागपूरहून संध्याकाळच्या विमानात जागा नव्हती, आणि असती तरी चार केव्हाच वाजून गेले असते. उरली ती रेल्वे, सहाची, गोंदियाहून. सकाळी पोचवणारी.

मग रुख्मिणीचा फोन आला. "बसले का हवाईजाजात?"

"नाई. सुटलं ते."

"कसं सुटलं? काऊन?"

यादोरावनं छातीवरच्या खिशावर हात दाबला. खरं सांगितलं असतं तर ती बाई उरलेलं आयुष्य त्या चौकटीलाच धरून उभी राहिली असती. "फाटक बंद होतं," तो म्हणाला. "रेल्वेचं. मालगाडी होती लांब." पलीकडे रुख्मिणी मालगाडीला, रेल्वेला, फाटकवाल्याच्या सात पिढ्यांना शिव्या देऊ लागली, आणि तो गुमान ऐकत राहिला. चूक त्याची होती. पुजाऱ्याची नाही, बायकोची नाही, त्या पोरीचीही नाही. चाळीस मिनिटं त्यानं पायरीवर बसून खर्चली होती, जी मुळात नव्हतीच.

लेकीला कळवायचं त्यानं टाळलं होतं. साडेतीनला गोंदिया स्टेशनच्या बाकावर बसलेला असताना हैदराबादहून फोन आला. हेमराज नव्हता, खुशबूच होती.

"बाबा, उतरले का?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? किती वेळ लागते अजून?"

चौतीस वर्षं हाच प्रश्न. हजारो तोंडांतून, खिडकीच्या जाळीतून, हाच एक प्रश्न त्यानं ऐकला होता आणि एकदाही अडखळला नव्हता. आता प्लॅटफॉर्मवर चहावाले ओरडत होते आणि आवाज फोनमध्ये जात असणार. लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"सकाळी येतो बाई," तो म्हणाला. "विमान सुटलं माह्यापासून. रेल्वेनं येऊन राहिलो."

तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, लहानपणी तापात यायचा तसा, घरघर. यादोराव म्हणाला, "खुशबू, भेव लागून राहिलं का?"

"नाई," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती नाही म्हणाली. "सकाळी येजा बाबा. डबा नोका आनू, इथं खाऊ देत नाईत." मग कोणीतरी तेलुगूत काही बोललं आणि फोन बंद झाला. यादोराव त्या बाकावर, शंभर माणसांसमोर, तोंडावर खांद्यावरचा दुपट्टा धरून रडला. कोणी विचारलं नाही. स्टेशनवर रडणाऱ्याला कोण विचारतं?

सहाच्या गाडीत त्याला दाराजवळ उभं राहायला जागा मिळाली. ही गाडी गोंदियाहून बल्लारशाहकडे जाते ती अर्जुनीवरूनच. म्हणजे सकाळी सातला घरून निघालेला माणूस दिवसभर फिरून पुन्हा आपल्याच गावाकडे निघाला होता. गाडी मात्र अर्जुनीला थांबत नाही. हे रुख्मिणीलाही ठाऊक होतं. तरी तिनं फोन करून सांगितलं, "मी टेसनावर येऊन उभी राहातो. दारात राहा. तुमाले पाहीन तरी." यादोराव बरं म्हणाला.

सौंदड सुटल्यावर हेमराजचा फोन आला. थोडक्यात बोलणारा माणूस. त्या दिवशी तर फारच थोडक्यात बोलला. "मामाजी, झडप बसवली होती. मशीन काढली तं काळीज चाललंच नाई. गेली ती. साडेसहाले."

गाडीचा आवाज फार होता. यादोरावनं पुन्हा विचारलं नाही. एकदाच ऐकलं, पुरलं. तो दांडा धरून उभा राहिला आणि बाहेर अंधारात धानाच्या रिकाम्या बांध्या मागे जाताना पाहत राहिला. काही वेळानं त्याच्या ध्यानात आलं की पुढं अर्जुनी आहे, आणि अर्जुनीला रुख्मिणी उभी आहे, एकटी. फोनवर सांगावं? त्या मोकळ्या फलाटावर, दिव्याच्या खांबाखाली, एकट्या बाईच्या कानात हे कसं ओतायचं? त्यानं शामकलाबाईला फोन लावला. दोनच वाक्यं बोलला. "आमची खुशबू गेली वैनी. तुमी टेसनावर जा, तिच्यापाशी उभ्या राहा, घरी नेल्यावर सांगा." शामकलाबाईनं मोठ्यानं हंबरडा फोडला, आणि त्यानंच तिला गप केलं. "रडत जाल तं तिले समजन. तोंड धुवून जा."

अर्जुनीचा फलाट साडेसातच्या सुमारास आला. गाडीनं वेग थोडा उतरवला, शिटी मारली. यादोराव दारातून वाकला. खांबाच्या उजेडात दोन बाया दिसल्या. एक जरा मागे, पदर तोंडाशी धरलेली. दुसरी पुढं, फलाटाच्या अगदी काठाला, डब्यामागून डबा शोधत असलेली. तिनं त्याला पाहिलं. सगळं मिळून चार-पाच सेकंद असतील. तिचं तोंड मोठं उघडलं आणि त्या धडधडीतूनही त्याला ऐकू आलं.

"पोचल्याबरोबर फोन करा जी! तिले म्हना आई बी येते!"

यादोरावनं दांडा एका हातानं घट्ट धरला. दुसरा हात वर केला आणि मान हलवली, हो म्हणून.